एकशिंगी घोडा लॉराच्या हातात राहू द्या : ‘द ग्लास मेनाजरी’ बसवणाऱ्यांना खुलं पत्र

हौशी आणि प्रायोगिक नाट्यसंस्थांमधल्या दिग्दर्शक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सचं ‘द ग्लास मेनाजरी’ (काचेच्या प्राण्यांचा संग्रह) हे नाटक तुम्ही अजूनही हौसेने करायला घेता, याचा मला मनापासून आनंद आहे. चार पात्रं आणि एक घर. संस्थेच्या खिशाला झेपतं आणि नटांना भरपूर काम देतं. कुणी पूर्ण नाटक करतं, कुणी फक्त शेवटच्या प्रवेशाची एकांकिका करून स्पर्धेत उतरवतं. मी रंगमंचामागचा माणूस. नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, हे माझं काम, त्यामुळे कुठलाही प्रयोग बघताना माझं लक्ष आधी वस्तूंवर जातं. या नाटकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूवर आपण वारंवार अन्याय करतो आहोत असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

ती वस्तू म्हणजे नाटकातल्या लॉरा या मुलीचा काचेचा एकशिंगी घोडा. सातव्या प्रवेशात घरी आलेला पाहुणा जिम तिला नाचायला उठवतो, दोघांचा टेबलाला धक्का लागतो, घोडा खाली पडतो आणि त्याचं शिंग मोडतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत या क्षणी काय होतं? व्हायोलिनचा सूर चढतो, बाकीचा रंगमंच अंधारात जातो, लॉरावर एकच स्पॉट उरतो आणि ती हुंदका देते किंवा किंचाळते. शिंग मोडलं म्हणजे लॉरा मोडली, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचलंच पाहिजे असा सगळ्यांचा आटापिटा असतो.

संहितेत यातलं काहीही नाही. संहितेत लॉरा हसते.

ज्यांनी अजून नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतलं सेंट लुइस शहर, 1930 च्या दशकातली मंदी. अमांडा विंगफील्ड ही नवऱ्याने टाकलेली आई, मुलगा टॉम जोड्यांच्या गोदामात नोकरीला, आणि मुलगी लॉरा घराबाहेर पाय टाकायला घाबरणारी. तिचा वेळ जातो काचेच्या छोट्या प्राण्यांत आणि बापाने मागे ठेवलेल्या जुन्या रेकॉर्डींत. आईच्या आग्रहाखातर टॉम गोदामातल्या सहकाऱ्याला, जिम ओ’कॉनरला, घरी जेवायला आणतो. शाळेत असताना लॉराचा जीव जडला होता तो हाच मुलगा. नाटकाचा पहिला प्रयोग 26 डिसेंबर 1944 रोजी शिकागोच्या सिव्हिक थिएटरमध्ये झाला. तिथून ते 31 मार्च 1945 रोजी न्यूयॉर्कला आलं आणि तिथे त्याचे 563 प्रयोग झाले.

लॉरा म्हणजे काच, हे समीकरण तुम्ही हवेतून आणलेलं नाही, हे मान्य. खुद्द विल्यम्सने पात्रपरिचयात लिहून ठेवलंय की तिचं वेगळेपण वाढत वाढत ती तिच्याच संग्रहातल्या काचेच्या तुकड्यासारखी झाली आहे, फळीवरून हलवता येणार नाही इतकी नाजूक. पण ही नाटकाच्या आधीची गोष्ट झाली. पडदा वर जातो तेव्हा लॉरा तिथे उभी आहे. त्यानंतरच्या सात प्रवेशांत ती कुठे जाते, हे बघायचं असेल तर काच आणि लॉरा यांना थोडं वेगळं ठेवावं लागतं. दोघी एकच आहेत असं धरलं की लॉराला करण्यासारखं काही उरत नाही.

काचेचा माग काढून बघा. दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला लॉरा आपले प्राणी धुऊन पुसत बसलेली असते. जिन्यावर आईची चाहूल लागताच ती ते भांडं बाजूला सारते आणि टाइपरायटरच्या कळांच्या तक्त्यासमोर ताठ बसते, जणू सकाळपासून अभ्यासच चाललाय. म्हणजे ही मुलगी लपवाछपवी करू शकते. ती टायपिंगच्या क्लासला जाते असं आई समजत असते. प्रत्यक्षात भीतीने पोटात कालवून आल्यावर तिने क्लास केव्हाच सोडलाय आणि कडाक्याच्या थंडीत ती दिवसभर शहरात फिरते आहे. संग्रहालय, प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन, आणि अलीकडे बहुतेक दुपारी ज्यूल बॉक्स. हा ज्यूल बॉक्स खरा आहे. सेंट लुइसच्या फॉरेस्ट पार्कमध्ये 1936 साली उघडलेलं ते फुलझाडांचं मोठं काचघर. घरी काच, बाहेर पडली तरी काच. पण मला इथे तिचा हट्ट दिसतो. कित्येक आठवडे रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडून पायपीट करायची आणि ठरल्या वेळी परतायचं, हे फळीवरून न हलणारी वस्तू करत नाही.

तिसऱ्या प्रवेशात टॉम आणि अमांडाचं कडाक्याचं भांडण होतं. टॉम ओव्हरकोट घालायला जातो, हात बाहीत अडकतो, तो चिडून कोट भिरकावतो आणि कोट काचेच्या फळीवर आदळतो. लॉरा घाव बसल्यासारखी ओरडते. आई आपल्याच संतापात, तिला त्याची दादही नाही. टॉम गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करतो, बहिणीकडे बघतो, काही बोलावंसं वाटतं पण बोलवत नाही. हे पहिलं फुटणं.

मग सातवा प्रवेश. टॉमने विजेचं बिल भरायचे पैसे खलाशांच्या संघटनेच्या वर्गणीत घातलेत, म्हणून घरात अंधार झालाय. जिम मेणबत्त्यांचं झाड घेऊन बाहेरच्या खोलीत येतो. तेही एका जळालेल्या चर्चमधलं, आगीत थोडं वितळून वाकडं झालेलं. या प्रवेशात विल्यम्सने दिलेला प्रकाश असा इजा झालेल्या वस्तूतून येतो. त्या उजेडात लॉरा आपल्या सगळ्यात जुन्या प्राण्यांपैकी एक, जवळजवळ 13 वर्षांचा एकशिंगी घोडा जिमच्या हातात देते. आधी बजावते की जपून, श्वास लागला तरी फुटेल. आणि मग स्वतःच सांगते, उजेडावर धरा, त्याला उजेड आवडतो. जिम विचारतो, बिचाऱ्याला एकटं वाटत असेल ना? ती म्हणते, तो बिनशिंगी घोड्यांबरोबर एकाच फळीवर राहतो आणि त्यांचं छान जमतं. किती सहज आणि किती मिश्कीलपणे बोलते ती इथे! तालमीत हा संवाद रडक्या सुरात ऐकला की मला वाईट वाटतं. आख्ख्या नाटकात ही मुलगी पहिल्यांदा कुणाची तरी मस्करी करते आहे.

शिंग मोडतं त्यानंतरच्या ओळी तर एकेक करून वाचाव्यात अशा आहेत. ती म्हणते, आता तो इतर घोड्यांसारखाच झाला. जिम ओशाळतो, हा तुझा सगळ्यात आवडता असणार, तू मला कधी माफ करणार नाहीस. त्यावर लॉरा म्हणते, माझं तसं आवडतं-नावडतं फारसं नसतं. थोड्याच वेळापूर्वी तिनेच या घोड्याला आपला लाडका म्हटलेलं असतं! म्हणजे ती पाहुण्याची समजूत घालण्यासाठी खोटं बोलते आहे. वर त्याच्या चेहऱ्यावरच्या वांगांवरून त्याला टोपणनावाने हाक मारते आणि सांगते, यात शोक करण्यासारखं काही नाही, काच फुटतेच, रस्त्यावरच्या रहदारीने फळ्या हादरतात आणि वस्तू पडतात. आणि हसत हसत म्हणते, मी समजेन की त्याचं ऑपरेशन झालं, आपण विचित्र आहोत असं वाटू नये म्हणून शिंग काढून टाकलं.

या वाक्यामागे काय आहे, ते नटांना जरूर सांगा. विल्यम्सची मोठी बहीण रोझ, जन्म 1909. मानसिक आजारासाठी जानेवारी 1943 मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली. तिला ‘इतरांसारखी’ करू पाहणाऱ्या त्या शस्त्रक्रियेनंतर ती कायमची परावलंबी झाली. नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर दोन वर्षांच्या आत. विल्यम्स 1983 मध्ये गेला, रोझ 1996 पर्यंत जगली, आणि तो होता तोवर तिच्या देखभालीचा खर्च तो करत राहिला. भावाने बहिणीच्या तोंडी ‘ऑपरेशन’ हा शब्द घातला आणि तोही हसत म्हणायला लावला. दिग्दर्शकाने त्यावर व्हायोलिन चढवलं तर त्या हसण्याला ऐकू येण्याइतकी जागाच राहत नाही. ज्या प्रेक्षकाला रोझविषयी ठाऊक आहे त्याच्या अंगावर ते हसूच येतं. ज्याला ठाऊक नाही त्याला आपल्यासमोर एक धीट मुलगी दिसते. दोघांनाही त्यांचं त्यांचं मिळू द्या.

लॉराचं खरं नुकसान पुढे काही मिनिटांनी होतं, आणि तेव्हा काहीही फुटत नाही. जिम तिचं चुंबन घेतो आणि मग सांगतो की त्याचं बेट्टीशी ठरलंय. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे यायला हवं ते तुम्ही शिंगावर आधीच उधळलेलं असतं. मग नटीपाशी उरतं काय? एकदा रडलेली पुन्हा रडते, एवढंच. पहिल्या प्रसंगात हातचं राखलं असतं तर दुसरा उभा राहिला असता.

आणि लगेच ती काय करते ते बघा. मूठ उघडते. मोडक्या घोड्याकडे बघते. जिमचा हात आपल्या हातात घेऊन वर उचलते, घोडा त्याच्या तळव्यावर ठेवते आणि त्याची बोटं त्यावर मिटवते. आठवण म्हणून दिला, एवढंच म्हणते. मग अडखळत उठते आणि ग्रामोफोनपाशी जाऊन त्याला किल्ली देते. माझ्या मते नाटकाचा कणा या हालचालीत आहे. घोडा म्हणजे लॉरा, एवढंच धरून चाललात तर तिने स्वतःला त्याच्या स्वाधीन केलं असा अर्थ निघेल, आणि काही जण तसाच बसवतातही. मला ते पटत नाही. शिंग असलेला, तिच्यासारखा वेगळा घोडा ती देत नाही. जो आता इतरांसारखा झाला तो ती देते, आणि ज्याच्या हातून तसा झाला त्यालाच देते. तुझ्या जगातलं तुझ्याकडे ठेव. त्या क्षणी ती खचलेली आहेच, पण ठरवणारी तीच आहे. जिमला बोलायला शब्द सापडत नाहीत, तिला हात सापडतात.

शेवटी टॉम आईशी भांडून निघतो तेव्हा हातातला ग्लास जमिनीवर आपटून फोडतो, आणि तेव्हा मात्र लॉरा किंचाळते. साधा पाणी प्यायचा ग्लास, संग्रहातला नव्हे. म्हणजे काच तीनदा फुटते आणि तिन्ही वेळा लॉरा वेगळी असते. कोट लागतो तेव्हा ती कळवळते, शिंग मोडतं तेव्हा हसते, ग्लास फुटतो तेव्हा भीतीने ओरडते. घरातल्या रागाने फुटलेली काच तिला सहन होत नाही. नाचताना, आनंदाच्या भरात फुटलेली सहन होते. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना तिन्ही ठिकाणी एकच हुंदका लावायचं कारण काय?

आता माझ्या कामाचं थोडं बोलतो. अलीकडे एका स्पर्धेत मी फूटभर उंचीचा थर्माकोलचा घोडा पाहिला, पोटात निळा एलईडी. कारण विचारलं तर उत्तर आलं, मागच्या प्रेक्षकांना दिसायला नको का? अडचण खरी आहे. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात बोटभर काच दिसणारच नाही. पण ती दिसण्याची गरज नाही. दिसायला हवी ती नटीची बोटं, ती वस्तू कशी उचलते, हातात देताना दुसरा हात खाली कसा धरते. ती काळजी खरी असेल तर विसाव्या रांगेतल्या माणसालाही कळतं की हातात काहीतरी फुटणारं आहे. थर्माकोलचा घोडा कुणी तसा धरत नाही, धरूच शकत नाही. आणि शक्य असेल तेव्हा हे नाटक लहान जागेत करा. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहात 1970 च्या दशकात प्रायोगिक नाटकांचं जे घडलं ते प्रेक्षक हाताच्या अंतरावर होते म्हणून घडलं. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागा आज आहेत.

काच खरीच हवी. यामागे आणखी एक कारण आहे. पहिल्या प्रवेशात आई आणि मुलं जेवताना दिसतात, पण रंगसूचना सांगते की अन्न नाही, काटे-चमचे नाहीत, फक्त हावभाव. ज्या नाटकात पोटात जाणारा घासही कल्पनेतला आहे, तिथे काच मात्र हातात धरायची आहे, पुसायची आहे, फोडायची आहे. हे सगळं नाटक टॉम आठवून सांगतो; त्याच्या आठवणीत बाकी सगळं धूसर झालंय, काच झालेली नाही. घोड्याचंही मूकाभिनयात उरकलंत तर हा फरकच पुसला जातो.

शिंगाची सोय सोपी आहे. शिंग आधीच कापून घ्यायचं, कडा घासून बोथट करायची आणि मेणाच्या टिपक्याने परत बसवायचं. रोजच्या प्रयोगाला टिकतं. दुसरा घोडा विंगेत तयार ठेवा. खाली जाड सतरंजी घाला, म्हणजे घोडा फुटत नाही आणि शिंग घरंगळत प्रेक्षकांत जात नाही. कोट आदळतो तिथे आणि टॉमच्या ग्लासाच्या जागी मात्र खऱ्या काचेचा हट्ट धरू नका. आवाज विंगेतून द्या. पुढे सगळ्यांना त्याच जमिनीवर वावरायचं असतं आणि नटांचे पाय महत्त्वाचे आहेत.

प्रकाशयोजनाकारांना एकच विनंती. काचेवर समोरून स्पॉट टाकू नका. समोरून फक्त एक चमक परत येते आणि वस्तू सपाट दिसते. दिवा मागे किंवा बाजूला, खाली ठेवा, म्हणजे उजेड काचेतून येईल. लॉरासुद्धा घोड्याला मेणबत्तीवर धरायला सांगते, समोर नाही. आणि विल्यम्सची एक सूचना फार कमी लोक पाळतात : टॉम-अमांडाच्या भांडणात लॉराला काही करायचं नसतं, तरी सगळ्यात स्वच्छ उजेड तिच्यावर असावा. भांडणाऱ्यांना अर्धवट अंधारात ठेवायची हिंमत करून बघा.

लॉराच्या पायाविषयीही बोलायला हवं. लहानपणीच्या आजाराने तिचा एक पाय किंचित आखूड आहे. लेखक स्पष्ट सांगतो की रंगमंचावर हे फक्त सूचित झालं तरी पुरे. आपल्याकडे नटी ते फरफटत चालून दाखवते आणि टाळ्या घेते. न्यूयॉर्कच्या 2017 च्या प्रयोगात दिग्दर्शक सॅम गोल्डने याच्या अगदी उलट वाट धरली. मॅडिसन फेरिस या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्रीने लॉरा केली. त्यावर मतभेद झाले, व्हावेतही. पण तिथे शरीर खरं होतं, नक्कल नव्हती. लेखकाने सुचवलेलं हलकं अंतर ठेवा किंवा खरं शरीर आणा, मधली नक्कल तेवढी टाळा.

ज्यांना हे नाटक मराठी घरात आणायचं आहे त्यांनी जरूर आणावं. मल्याळममध्ये श्यामप्रसाद यांनी 2004 साली ‘अकले’ या चित्रपटात ही गोष्ट केरळात नेलीच की. पण काचेच्या प्राण्यांच्या जागी बांगडी आणायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याकडे काचेची बांगडी फुटली की प्रेक्षकाच्या मनात एकच गोष्ट येते, आणि ती नवऱ्याशी बांधलेली असते. आरसा फुटला की अपशकुन. या वस्तूंना समाजाने आधीच अर्थ देऊन ठेवलाय, लॉराला त्यांना स्वतःचा अर्थ द्यायला वावच उरत नाही. तिची वस्तू कुणाच्याही उपयोगाची नसलेली हवी. ना पूजेची, ना सौभाग्याची, ना हुंड्यातली. जत्रेत दिव्यावर काच ओढून हंस आणि हरणं करून देणारे कारागीर आपणही पाहिलेत. तसा एखादा प्राणी चालेल. मराठी लॉराने तो स्वतःसाठी आणलेला असावा, इतकंच.

परीक्षकांनाही इथेच हात जोडतो. ‘प्रतीक ठळक झालं नाही’ असा शेरा गुणपत्रिकेत लिहिण्याआधी कृपया थांबा. तुमच्या त्या एका ओळीमुळे पुढच्या वर्षी घोडा दुप्पट मोठा होतो आणि त्याच्या पोटात दिवा लागतो. संयमाने केलेल्या प्रयोगाला गुण मिळाले तर संस्था संयम शिकतील.

दिग्दर्शकांकडे शेवटचं मागणं. लॉरा करणाऱ्या मुलीला खरी काच पहिल्या वाचनाच्या दिवशी द्या, रंगीत तालमीच्या आदल्या रात्री नको. ती घरी नेऊ द्या, तिला धुऊ-पुसू द्या, एखादा तुकडा तिच्या हातून फुटला तर फुटू द्या. आणि जिम करणाऱ्या मुलाला सांगा की घोडा खिशात टाकून विंगेत आल्यावर तो लगेच प्रॉपर्टीच्या टेबलावर ठेवायचा नाही. प्रयोग संपेपर्यंत तो त्याच्याकडेच राहतो.

आपला,
रंगमंचामागचा एक सहकारी